पाचारण, पारख आणि विवेक : इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मकथनाच्या अनुषंगाने

१

मराठी ख्रिस्ती लेखनात ‘व्होकेशन’ या संज्ञेसाठी ‘पाचारण’ हा शब्द रूढ आहे. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला किंवा व्रतस्थ जीवनाकडे वळणाऱ्या तरुणीला ‘पाचारण आले’ असे म्हटले जाते. या शब्दाच्या छटा तपासून पाहण्याजोग्या आहेत. ज्याला अधिकार आहे तो पाचारण करतो. दंगल आटोक्यात आणण्यासाठी लष्कराला पाचारण केले जाते. ‘हाक’ या शब्दात जवळीक आहे, हाकेला ‘ओ’ देता येते. ‘बोलावणे’ हा शब्द साधा व सुंदर असूनही या कामी फारसा उपयोगी पडत नाही, कारण ‘वरचे बोलावणे आले’ या प्रयोगाने त्याला मृत्यूशी बांधून टाकले आहे. म्हणजे उपलब्ध असलेल्या तीन शब्दांपैकी एकात हुकूम आहे, दुसऱ्यात लळा आहे आणि तिसऱ्यात शेवट आहे.

तिन्ही शब्दांत एक गृहीत मात्र समान आहे. बोलावणारा स्पष्ट बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू येते, हे ते गृहीत होय. कॅथलिक परंपरेतील खरा प्रश्न याच्या अलीकडचा आहे. आपल्याला जे ऐकू आले ते नेमके कोणाचे? ईश्वराचे, स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचे, घरच्यांच्या अपेक्षेचे, की निव्वळ भीतीचे? या प्रश्नाची सर्वांत सूक्ष्म चर्चा ज्या ग्रंथांत आढळते, त्यांत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचे आत्मकथन आणि ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक यांचे स्थान मोठे आहे. प्रस्तुत निबंधात या दोन संहितांच्या आधारे ‘पाचारण ओळखणे’ या प्रक्रियेचे स्वरूप पाहावयाचे आहे. तिच्यासाठी मराठीत कोणता शब्द योग्य, हा प्रश्न ओघाने येईलच.

२

आत्मकथनाविषयी काही गोष्टी आधी सांगणे अगत्याचे आहे. ते इग्नेशियस यांनी स्वहस्ते लिहिलेले नाही. १५५३ ते १५५५ या काळात रोम येथे त्यांनी ते लुईश गोन्साल्व्हिश द कामारा या पोर्तुगीज सहकाऱ्याला तोंडी सांगितले. कामारा ऐकून घेत, नंतर टिपणे करीत आणि पुढे ती लेखनिकाला सांगून विस्तृत करवून घेत. शेवटचा भाग तर स्पॅनिश जाणणारा लेखनिक हाताशी नसल्याने इटालियनमध्ये उतरला. निवेदन तृतीयपुरुषी असून कथानायकाचा उल्लेख ‘यात्रेकरू’ असा येतो. आपल्याकडील संत स्वतःविषयी बोलताना अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी स्वतःपासून अलग झालेली मुद्रा घालतात. या ‘यात्रेकरू’चा स्वर तिच्याशी काहीसा मिळताजुळता आहे.

अडचण अशी की, ज्या घटना इग्नेशियस सांगतात त्या तीस वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि मधल्या काळात त्यांनी आत्मपरीक्षणाचे नियम शब्दबद्ध केले आहेत. ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. मग १५२१ च्या अनुभवातून नियम निघाले, की नियमांच्या चष्म्यातून १५२१ चा अनुभव पाहिला गेला? कोणत्याही आत्मचरित्राच्या अभ्यासकाला पडावा असाच हा प्रश्न आहे. त्याचे निर्णायक उत्तर संहितेतून मिळणार नाही. तथापि, आत्मकथनात काही प्रसंग इतके अडचणीचे आणि नियमांत न बसणारे आहेत की केवळ सिद्धांत सजविण्यासाठी ते रचले असावेत असे मानणे कठीण जाते. पुढील पिढीला ते अडचणीचे वाटले असावेत असे मानण्यास जागा आहे. संघाने रिबादेनेरा यांच्याकडून रीतसर चरित्र लिहवून घेतले, ते १५७२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हे आत्मकथन दीर्घकाळ बाजूला पडले. १७३१ मध्ये ते लॅटिन रूपात छापले गेले.

३

मे १५२१ मध्ये पांप्लोना येथील किल्ल्याच्या बचावात तोफेच्या गोळ्याने इन्यिगो (हे त्यांचे मूळ नाव) यांचा उजवा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. ते जुळल्यावर गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. तंग, रुबाबदार बूट घालता येणार नाही, केवळ एवढ्यासाठी या दरबारी तरुणाने ते हाड करवतून काढण्यास सांगितले आणि त्या वेदना सोसल्या. पुढे ज्या निर्धाराचे कौतुक झाले तोच निर्धार येथे बुटाच्या सेवेस जुंपलेला दिसतो. स्वभावात फरक पडला नाही, त्याचा धनी बदलला.

आजारपणात वेळ घालविण्यासाठी त्यांनी शिलेदारी अद्भुतकथा मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. मिळाली ती दोन पुस्तके : सॅक्सनीच्या लुडोल्फ यांच्या ‘ख्रिस्तचरित्रा’चा कॅस्टिलियन अनुवाद आणि संतचरित्रांचा एक संग्रह. येथून पुढचा भाग वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण या पाचारणाची सुरुवात दर्शनाने किंवा वाणीने न होता वाचनाने होते. वाचता वाचता पुस्तक मिटून ते कल्पनेत रमत. कधी एका अत्यंत उच्चकुलीन स्त्रीच्या सेवेत आपण कोणते पराक्रम करू, कोणते शब्द बोलू, याची चित्रे तीन-तीन, चार-चार तास रंगवीत. कधी संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपण का करू नये, असे मनात येई. अनवाणी जेरुसलेमला जावे, कंदमुळे खाऊन राहावे.

दोन्ही स्वप्ने रंगत असताना सारखाच आनंद देत. आशयाने दोन्ही पराक्रमाचीच स्वप्ने होती, आणि दुसरे पहिल्याहून धार्मिक असले तरी कमी अहंकारी होते असे म्हणवत नाही. भेद जाणवला तो नंतर. पहिल्या स्वप्नातून बाहेर आल्यावर मन कोरडे व असमाधानी राही, दुसऱ्यानंतर ते प्रसन्न राही. कितीतरी दिवस हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. एके दिवशी आले आणि त्यांना त्याचे नवल वाटले. पाचारण म्हणून ज्याचा निर्देश करता येईल असा या प्रसंगातील ऐवज एवढाच : एक मागे रेंगाळलेली चव, आणि तिची घेतलेली नोंद. इग्नेशियस स्वतःच्या मनाचे वाचन करू लागले ते पुनर्वाचनाच्या रूपाने. गोड लागले यावर ते थांबले नाहीत, गोडी उतरल्यावर जिभेवर काय उरले हे त्यांनी पाहिले.

४

यानंतर सर्व सुरळीत झाले असते तर आत्मकथनाचे मोल कमी झाले असते. तसे झाले नाही. माँत्सेरातच्या वाटेवर खेचरावरून जाताना एक मूर सहप्रवासी भेटला. मरियेच्या कौमार्याविषयी वाद झाला. तो मनुष्य पुढे निघून गेल्यावर इन्यिगो यांना वाटू लागले की मातेच्या सन्मानासाठी त्याला गाठून खंजिराचे वार करावेत. करावे की करू नये, हे ठरेना. अखेरीस त्यांनी लगाम सैल सोडला. फाट्यावर खेचर गावाच्या रस्त्याने गेले तर वार करावयाचे, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यावयाचे! गावाचा रस्ता रुंद व चांगला असूनही खेचर हमरस्त्याने गेले.

हा प्रसंग सांगताना वृद्ध इग्नेशियस स्वतःला कोणतीही सवलत देत नाहीत. भक्ती उत्कट होती, हेतू शुद्ध वाटत होता, आणि निर्णय मात्र जनावरावर सोपविला होता. ‘ईश्वरावर सोडले’ या आपल्या नित्याच्या बोलण्यातही अनेकदा हेच खेचर दडलेले असते. चिठ्ठी टाकणे, कौल लावणे आणि पारख करणे या भिन्न गोष्टी आहेत.

मान्रेसा येथील सुमारे दहा महिन्यांच्या वास्तव्यात (१५२२–२३) याहून अवघड धडे मिळाले. हवेत एक सुंदर, सर्पाकार, डोळ्यांसारख्या अनेक तेजस्वी बिंदूंनी चमकणारी आकृती त्यांना वारंवार दिसे. ती दिसताच आनंद होई, नाहीशी होताच खिन्नता येई. कार्दोनेर नदीकाठी त्यांना प्राप्त झालेल्या महान बोधानंतर क्रुसासमोर ती पुन्हा दिसली तेव्हा तिचे सौंदर्य ओसरलेले होते, आणि ती दुष्टशक्तीची आहे असा त्यांचा निश्चय झाला. याच काळात पापांच्या शंकांनी त्यांना इतके ग्रासले की खोलीतील भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा असे वाटू लागले. शंका जाईपर्यंत अन्न घ्यावयाचे नाही असा निश्चय त्यांनी केला आणि आठवडाभर पाळला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा केली तेव्हा तो मोडला. शंकांतून सुटका अखेर झाली ती अधिक तपाने नव्हे. हा विचार कोणत्या वाटेने मनात शिरतो याचे निरीक्षण करून त्यांनी जुनी पापे पुन्हा न सांगण्याचे ठरविले.

सर्वांत बोलका प्रसंग मला बार्सेलोनाचा वाटतो. तेहतीस वर्षांचे इग्नेशियस लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन शिकावयास बसले. धातुरूपे पाठ करावयास घेतली की आध्यात्मिक बोधाचा पूर येई, पाठांतर बाजूला राही. प्रार्थनेस किंवा मिस्सेस बसल्यावर मात्र इतके लख्ख काही सुचत नसे. हे लक्षात येताच त्यांनी त्या बोधाला प्रलोभन ठरविले. आपले शिक्षक आर्देवोल यांना चर्चमध्ये नेऊन त्यांनी वचन दिले की, बार्सेलोनात भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे मी तुमचा एकही पाठ चुकविणार नाही. पुढे तसा उपद्रव झाला नाही. येथे वाईट आणि चांगले यांच्यातील निवड नाही. चांगलेच आहे, पण अवेळी आलेले, आणि म्हणून संशयास्पद.

५

‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातील नियम या अनुभवांशी ताडून वाचले की त्यांचा रुक्षपणा जातो. हे पुस्तक सलग वाचण्याचे नाहीच. सुमारे तीस दिवसांच्या एकांतसाधनेत मार्गदर्शकाने वापरावयाची ती पुस्तिका आहे. तिच्या मध्यावर जीवनमार्गाच्या निवडीचे प्रकरण येते. निवडीचे तीन ‘काळ’ त्यात सांगितले आहेत. पहिला, जेव्हा ईश्वर इच्छेला असा ओढतो की शंकेस जागाच उरत नाही. पौल व मत्तय यांची उदाहरणे तेथे दिली आहेत. दुसरा, जेव्हा सांत्वन आणि विषाद यांच्या आवर्तनांतून पुरेसा उजेड पडतो. तिसरा, जेव्हा मन शांत असते आणि माणूस बुद्धीने दोन्ही बाजूंचे लाभ व हानी तोलतो. तिसऱ्या काळासाठी काही युक्त्याही आहेत : ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाने हाच प्रश्न विचारला तर मी त्याला काय सांगेन, मरणशय्येवर असताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल.

पहिला काळ आपल्या वाङ्मयाला परिचित आहे. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायण निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, असे परंपरा सांगते. पुरोहिताचा रोजचा शब्द एकालाच आज्ञा म्हणून ऐकू गेला. अशा कथा चरित्राला तेज देतात, मात्र ज्याला असा शब्द ऐकू आला नाही त्याला त्या फारशी मदत करीत नाहीत. इग्नेशियस यांचे लक्ष अशाच सामान्य साधकावर आहे.

विषादाविषयीचा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे : विषादाच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला येथे धनुष्य टाकून दिलेला अर्जुन आठवल्यावाचून राहणार नाही. त्याची युक्तिवादशक्ती त्या क्षणी शाबूत असते, किंबहुना कधी नव्हे इतकी तल्लख असते; तरीही तो क्षण निर्णयाचा नसतो. दुसऱ्या टप्प्यावरील साधकासाठीचा नियम याहून सूक्ष्म आहे. दुष्टशक्ती तेजस्वी देवदूताचा वेष घेऊन येते, म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि अंत असे तिन्ही तपासावेत. शेवट वाईटाकडे, किंवा आधी योजलेल्या चांगल्यापेक्षा कमी चांगल्याकडे, किंवा अस्वस्थतेकडे जात असेल तर उगमाचा संशय घ्यावा.

मला विशेष महत्त्वाची वाटते ती मार्गदर्शकाला दिलेली सूचना. साधनेच्या काळात त्याने साधकाला दारिद्र्यव्रताकडे किंवा इतर कोणत्याही जीवनमार्गाकडे ढकलू नये. एरवी तसा उपदेश करणे योग्य व पुण्यप्रद असले तरी या वेळी त्याने तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि निर्माता व त्याचा जीव यांना परस्परांशी व्यवहार करू द्यावा. सोळाव्या शतकात, संन्यस्त जीवन हेच श्रेष्ठ असे सर्वमान्य असताना, स्वतः एका संघाचा संस्थापक असलेल्या माणसाने हे लिहावे याचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. सर्व ख्रिस्ती जनांना पावित्र्याचे पाचारण आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या धर्मसभाविषयक घटनेत स्पष्टपणे मांडले. विवाह हेही पाचारण आहे, हा विचार त्यानंतर अधिक मोकळेपणी बोलला जाऊ लागला.

आणखी एक परिच्छेद असा की त्यावर भाष्यकार फारसे रेंगाळत नाहीत. विवाह किंवा धर्मगुरुपद यांसारखी न फिरविता येणारी निवड कोणी अव्यवस्थित आसक्तीने केली असेल तर? इग्नेशियस सांगतात की आता नव्याने निवडण्यासारखे काही नाही. पश्चात्ताप करून त्याच स्थितीत चांगले जगावे. पण त्या निवडीला दैवी पाचारण म्हणू नये. जे स्वतः वाकडे निवडले त्याला लोक मागाहून ‘देवाची इच्छा’ म्हणतात, हे त्यांना मान्य नाही. या वाक्यांत कठोरपणा आहे खरा, पण चुकीच्या पायावर उभ्या असलेल्या आयुष्यालाही येथे मोडीत काढलेले नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे.

६

आता शब्दाकडे वळू. ‘डिसर्नमेंट’साठी मराठीत सहसा ‘विवेक’ योजला जातो. शब्द थोर आहे आणि त्याच्यामागे नित्यानित्यविवेकाची मोठी परंपरा आहे. मुकुंदराजांच्या ग्रंथाच्या नावातच तो आहे, आणि दासबोधाच्या बाराव्या दशकाचे नावच ‘विवेकवैराग्य’ आहे. परंतु हे सामर्थ्यच येथे अडचण होते. आपल्या परंपरेत विवेकाचा जोडीदार वैराग्य हा आहे. अनित्य ओळखले की त्याचा त्याग ओघानेच येतो. (रामदासांनी प्रपंच नेटका करावयास सांगितले हे खरे, तरी शब्दाचा कल बदलत नाही.) म्हणून ‘पाचारणाचा विवेक’ म्हटले की उत्तर आधीच संन्यासाच्या बाजूला झुकते, तराजूचा काटा मध्ये राहत नाही. शिवाय विवेक हे बुद्धीचे कार्य आहे. लोयोलाच्या खोलीत घडले ते प्रथमतः बुद्धीचे नव्हते.

माझ्या मते दुसऱ्या काळातील या क्रियेला ‘पारख’ हा शब्द अधिक साजतो. त्याला ख्रिस्ती परंपरेतच आधार आहे. पाचव्या शतकातील जॉन कॅसियन यांनी विचारांची परीक्षा करणाऱ्या साधकाला नाणी पारखणाऱ्या सराफाची उपमा दिली आहे : सोने खरे आहे काय, शिक्का राजाचाच आहे काय, वजन घटलेले नाही ना. पारखी नाणे वाजवून पाहतो, म्हणजे स्पर्शानंतर उमटणारा नाद ऐकतो. इग्नेशियस यांनी स्वप्नानंतरची चव पाहिली ती याच रीतीने. तिसऱ्या काळासाठी मात्र ‘विवेक’ हाच शब्द योग्य आहे. मूळ प्रक्रियेत दोन भिन्न क्रिया असताना एकाच भारदस्त शब्दाने दोन्ही झाकण्यात लाभ नाही.

७

पारख स्वतःच केली म्हणून ती पुरी होते काय? आत्मकथनातील जेरुसलेमचा प्रसंग याचे उत्तर देतो. १५२३ मध्ये तेथे पोहोचल्यावर इग्नेशियस यांचा ठाम निश्चय होता की पवित्र स्थळीच कायमचे राहावयाचे. या निश्चयाचा उगम लोयोलातच होता आणि तो अनेक कसोट्यांना उतरला होता. तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्याने नकार दिला, आणि न ऐकणाऱ्याला बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपकडून आपल्याला मिळाल्याचे सांगितले. इग्नेशियस यांनी अधिकारपत्र पाहण्याचीही गरज मानली नाही. आपण येथे राहावे अशी ईश्वराची इच्छा नाही, असे मानून ते परतले आणि आता काय करावे या विचारातूनच पुढे लॅटिनच्या बाकावर येऊन बसले.

अंतःप्रेरणा आणि धर्मसभेचा अधिकार यांच्यातील हा ताण कॅथलिक विचारात कायम राहिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्यावर वाद झाला. जोझेफ लायितों यांनी असे मांडले की धर्मगुरुपदासाठी आंतरिक ओढ अनिवार्य नाही. योग्य हेतू व पात्रता असलेल्याला बिशप बोलावतात तेच पाचारण. १९१२ मध्ये रोमच्या आयोगाने या भूमिकेला अनुकूल मत दिले आणि दीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो असे स्पष्ट केले. १९८३ च्या धर्मसंहितेत दुसरी बाजूही आहे : दीक्षा घेणाऱ्याला योग्य ते स्वातंत्र्य असलेच पाहिजे आणि कोणालाही त्यासाठी भाग पाडणे निषिद्ध आहे. व्रतस्थ जीवनासाठी किमान बारा महिन्यांची उमेदवारी आणि त्यानंतर तीन वर्षांहून कमी नसलेली तात्पुरती व्रते सांगितली आहेत, ती पारखीला वेळ मिळावा म्हणूनच.

येशूसंघाच्या भारतातील इतिहासाचा आरंभही या ताणाचे उदाहरण आहे. १५४० मध्ये पोर्तुगालच्या राजासाठी निवडलेले बोबादिया आजारी पडले म्हणून ऐन वेळी फ्रान्सिस झेव्हियर यांना जाण्यास सांगितले गेले, आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. थॉमस स्टीफन्स यांचा मार्ग उलट्या बाजूने आला. कॅथलिकांना प्रतिकूल झालेल्या इंग्लंडमधून थॉमस पाउंड या मित्रासह ते येशूसंघात जाण्याच्या तयारीत होते. पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये त्यांनी संघात प्रवेश केला. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास आले, आणि त्यांच्या पुढील चाळीस वर्षांतून मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ मिळाले.

या महाकाव्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्टीफन्स यांनी ५ डिसेंबर १६०८ रोजी संघप्रमुख आक्वाविवा यांना लिहिलेल्या पत्राकडे मात्र पाचारणाच्या दृष्टीने पाहिले जात नाही. देशी भाषेतील पुस्तके देशी लिपीतच छापली जावीत अशी आपली कितीतरी वर्षांची उत्कट इच्छा असल्याचे ते त्यात सांगतात. शेकडो साचे पाडावे लागतात ही अडचणही ते मांडतात, आणि इच्छा वरिष्ठांच्या हाती सोपवितात. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत.